पट्टीखालची हळद

चौबे कॉलोनी, रायपूर
६ मार्च २०२५

गोदा,

काल तू माझा फोन कापलास, तोही माझं वाक्य अर्धवट असताना. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्याचं वाक्य तोडणाऱ्या मुलीला सिस्टर बाकावर उभं करायच्या. तुझ्या शाळेत तशी पद्धत नसावी. म्हणून आता पत्र. पत्राला लाल बटण नसतं. तू हे फाडशीलही, पण आधी शेवटपर्यंत वाचशील, इतकी मी तुला ओळखते. मावसबहीण आहेस, साठ वर्षांचा अनुभव आहे.

मुद्दा असा. तुझ्या गळ्यात थायरॉइडची गाठ आहे. जानेवारीत सुई टाकून तपासली आणि डॉक्टरांनी सांगितलं की सुईवरून खात्रीने काही कळत नाही, गाठ काढूनच तपासावी लागेल. माझ्याही गळ्यात तशीच होती. मी बारा फेब्रुवारीला काढली, साधी निघाली, आणि चौथ्या दिवशी घरी येऊन दिवाकरांच्या खिचडीला नावं ठेवली. यात अवघड काय आहे? पण तू काल म्हणालीस, "मले नाही गळ्यावर चीर पाडून घ्यायची. लग्नाकार्यात लोक माझी ठुशी पाहतील का टाके पाहतील?" वय वर्षं अडुसष्ट. तुझ्या ठुशीकडे लोक आता वजनासाठी बघतात, मानेसाठी नाही, हे कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून मी सांगितलं. त्यावर फोन कापला गेला.

तर ऐक. माझे टाके निघाले, जखम पूर्ण मिटली. परवा दवाखान्यात दाखवायला गेले तेव्हा तिथल्या ईरा नावाच्या तरुण डॉक्टरने मला सिलिकॉनची पट्टी दिली. पोरगी मला आंटी म्हणते आणि मराठी समजत असून हिंदीत उत्तर देते, पण हुशार आहे. पट्टी पारदर्शक, मऊ, एका बाजूने चिकट. व्रणाच्या मापाने कापायची, दिवसाचे निदान बारा तास आणि जमलं तर त्याहून जास्त लावून ठेवायची. रोज काढून साध्या साबणाने धुवायची, वाऱ्यावर वाळवून पुन्हा लावायची. चिकटेनाशी झाली की नवी घ्यायची. असं तीन महिने. तिच्यात औषध काही नाही. कातडीचा ओलावा टिकतो आणि व्रण जाड न होता सपाट आणि फिका होत जातो, असं ईरा म्हणाली. पुसून मात्र जात नाही, हेही म्हणाली.

म्हणून पैज. आठ जूनला रविवार आहे. मी तुझ्यासमोर ट्यूबलाइटखाली बसेन. हातभर अंतरावरून माझी रेघ दिसली, तर मी तुझ्या गाठीचं नाव पुन्हा काढणार नाही. दिसली नाही, तर तू त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्यायची. तोवर भेटायचं नाही. रोज पाहिलं की फरक कळत नाही. तात्यापारा इथून तीन किलोमीटर, तेवढा विरह सोसशील. दिवाकर दिवसाआड तुमच्या बाजूच्या वाचनालयात येतातच, तेच टपाल आणतील. रेल्वेत पस्तीस वर्षं पार्सल ऑफिसात काढलेला माणूस. पाकीट उघडणार नाही आणि कोणाच्या बाजूने बोलणार नाही, असं त्यांनी कबूल केलं आहे.

विनोदिनी

*

तात्यापारा
९ मार्च

विनू,

पत्र पोचलं. दिवाकररावांले चहा विचारला तर म्हणाले, मी ड्युटीवर आहे, ड्युटीवर चहा घेत नाही. मग दोन कप घेतले.

पैज मंजूर. पण काहून गं, तू एवढी शिकलेली बाई, गळ्याले प्लास्टिक चिकटवून फिरून राहिली? सचिनच्या वेळी माझं पोट फाडलं होतं, आठवते ना? आईनं आंबेहळद उगाळून खोबरेल तेलात घालून महिनाभर लावली. सचिन आता बेचाळीसचा झाला, पोटावरची रेघ शोधावी लागते. मी शोधत नाही, ते वेगळं. तुझ्यासाठी बरणी पाठवते. हळद घरची, तेल घाण्याचं. प्लास्टिकचा कंटाळा आला की लाव.

माझी एकच अट आहे. पत्रात खरं लिहायचं, मापासकट. तुझ्या सिस्टर गणित शिकवत होत्या का नुसतं गुड मॉर्निंग?

रूपाली तुझ्या बाजूची आहे. सून माझी आणि वकिली तुझी करते. म्हणे, "आई, मौसीजी की बात मान लीजिए ना." मी तिले सांगून टाकलं, आठ जूनपर्यंत ह्या घरात गाठीचं नाव काढायचं नाही. डॉक्टरकडून फोन आला तरी हेच सांगायचं म्हटलं, माझ्या बहिणीचा प्रयोग चालू आहे.

गोदा

*

चौबे कॉलोनी
२२ मार्च

गोदा,

बरणी मिळाली. परत पाठवत नाही, कारण बरणी माझीच आहे, २०१९ साली लिंबाच्या लोणच्यासकट दिली होती. आतल्या मालाचा उपयोग मी करणार नाही. मिटल्या-न मिटल्या जखमेवर हळद आणि तेल थापणं हा अडाणीपणा आहे, मग तो मावशीचा का असेना. तिच्याबद्दल मला आदर आहे. तिच्या औषधांबद्दल नाही.

हवं तर माप घे. रेघ सहा सेंटिमीटर. रंग गुलाबी, उंची नगण्य. दिवाकरांची फूटपट्टी आणि माझा चष्मा वापरला आहे.

पट्टीचं मात्र एक नवं व्यवधान झालं आहे. धुतल्यावर ती कुठे वाळवायची? टॉवेलवर ठेवली तर लव चिकटते. ताटलीत ठेवली तर कोणीतरी त्यात काकडी चिरून ठेवतं. शेवटी न्हाणीघराच्या आरशावर, जिथे माझ्या टिकल्या चिकटवलेल्या असतात, तिथे एक कोपरा टेकवून लटकवायला लागले. मंगळवारी बघते तर पट्टी नाही. टिकल्या सगळ्या जागेवर. अर्धा तास शोधलं. दिवाकर व्हरांड्यात बसून मोबाइलवर बोट घासत होते आणि म्हणत होते की हा नवा काच-गार्ड फार गुळगुळीत नाही, बोट अडकतं. माझी पट्टी त्यांनी मोबाइलला लावली होती. स्वतः कात्रीने कॅमेऱ्याचं भोक पाडून.

ती पट्टी वाया गेली. मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही, कारण हे पत्र तेच आणणार आहेत आणि त्यांनी ते एकदा ऐकलं आहे.

शेजारच्या मिश्राबाई फाटकापाशी थांबवून म्हणाल्या, "दीदी, गले में सेलोटेप क्यों लगाया है?" मी म्हटलं, डोकं निसटू नये म्हणून. तेव्हापासून त्या लांबून नमस्ते करतात. एक काम आपोआप झालं.

व्रण उत्तम आहे. तू तारखेची तयारी ठेव.

विनोदिनी

*

तात्यापारा
३१ मार्च

विनू,

काल पाडवा झाला. ठुशी घालून गुढीपाशी उभी राहिली, सचिननं फोटो काढला. फोटोत गाठ दिसते म्हणून दुसरा काढायले लावला, तोंड वर करून. त्यात नाकपुड्या दिसल्या. मग फोटोच नको म्हटलं.

मोबाइलची गोष्ट रूपालीले वाचून दाखवली. ती हसता हसता भिंतीले टेकली. दिवाकरराव समोरच बसले होते, श्रीखंड खाऊन राहिले होते. म्हणाले, भोक सरळ पडलं होतं ते कोणी सांगत नाही.

तू लिहितेस, उंची नगण्य. नगण्य म्हणजे किती? आमच्या शाळेत नगण्य नावाचा आकडा नव्हता. बोट फिरवलं तर लागते का नाही लागत? खरं सांग. आणि मधोमध सारखी आहे का एका बाजूले जाड? डॉक्टर ईरा काय म्हणते? पुढच्या पत्रात एक-एक करून लिही, मी लिहून ठेवून राहिली आहे.

माझं विचारशील तर मी मजेत आहे. ऊन वाढलं. डॉक्टरच्या दवाखान्यातून फोन आला होता, मी सांगितलं, जूनमध्ये बोलू.

गोदा

*

चौबे कॉलोनी
१९ एप्रिल

गोदा,

उशीर झाला. कारण ऊन. बेचाळीस अंशात माणसाने लिहायचं की पुसायचं? पट्टीलाही घाम सोसत नाही. सकाळी दहाला लावली की बाराला एका टोकाने सुटून हसऱ्या तोंडासारखी लोंबते. कूलरसमोर बसून मान वर करून ती पुन्हा दाबायची, असा माझा दिवस जातो. निवृत्तीनंतर मी इतकं आकाश कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे आमचं पांढरं छत.

तुझे प्रश्न. बोट लागतं का? थोडंसं. जाडी सारखी आहे का? बहुतेक. ईरा काय म्हणते? तिच्याकडे या महिन्यात गेले नाही, तिला इतर पेशंट असतात. रंग गुलाबीवरून आता जरा पिवळसर छटेकडे झुकला आहे. ते उन्हामुळे असावं. किंवा आमच्या न्हाणीघराच्या बल्बमुळे. एकंदरीत समाधानकारक.

तुझी वही बंद कर. हे काही माध्यमिक शाळेचं इन्स्पेक्शन नाही. चौतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यात इन्स्पेक्टर तीनदा आले, आणि तिन्ही वेळा माझ्या वर्गातून लवकर उठून गेले.

ऊन फार असेल तर बाहेर पडू नकोस. बरणीबद्दल विचारू नकोस, ती फडताळात आहे.

विनोदिनी

*

तात्यापारा
४ मे

विनू,

मी बरणीबद्दल विचारलंच नव्हतं.

तुझ्या पत्रात "बहुतेक" एकदा आहे, "असावं" एकदा आहे आणि "एकंदरीत" एकदा. तू एवढी भित्री कवा झाली? बरं, राहू दे. मले एक सुचलं आहे. उन्हाळा वाईट आहे, तुझी पट्टी टिकून नाही राहिली, मग तुझ्यावर अन्याय काहून करायचा? आठ जून रद्द करू. पावसाळा जाऊ दे, दसऱ्यापर्यंत तुझी रेघ नीट मुरेल. दसऱ्याले बघू. मले काही घाई नाही.

माझं बरं चालू आहे. जेवण उन्हामुळे कमी झालं, पेज आणि ताक बरं वाटते. रूपालीनं पोळीचा आग्रह सोडला.

दिवाकररावांले सांग, मागच्या वेळी त्यांची छत्री इथंच राहिली.

गोदा

*

चौबे कॉलोनी
११ मे

गोदा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस.

काल आमच्या टपालखात्याने संप केला. दिवाकर तुझं पत्र घेऊन आले, मला दिलं आणि गेले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, "दोन्हीकडचं टपाल नेतो, तर दोन्हीकडचं दिसतंही. आजपासून मी बोलणार." लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, हा सूर मी दोनदाच ऐकला आहे.

त्यांनी सांगितलं की तू पेज पितेस ती उन्हामुळे नाही. पोळी दुधात भिजवूनही मध्येच थांबतेस, हात गळ्याशी नेतेस आणि समोरच्याने पाहिलं का ते बघतेस. छत्री आणायला गेले तेव्हा रूपाली फाटकापर्यंत आली. दवाखान्यातून तीनदा फोन आला, असं ती म्हणाली. तिसऱ्यांदा स्वतः डॉक्टर बोलले. आणि तू तिला काय सांगितलंस, तेही तिने सांगितलं: "आई कहती हैं, विनू का प्रयोग चल रहा है, तब तक नाम मत लेना."

मी रात्रभर तुझ्यावर संतापले होते. सकाळी कळलं की संतापायला मी चुकीचं माणूस धरलं होतं. नऊ मार्चच्या पत्रात तू मला हे स्वच्छ लिहिलं होतंस, आणि मी ते विनोद म्हणून वाचलं. दोन महिने तू माझ्या पैजेच्या आडोशाला बसली आहेस आणि मी दर पंधरा दिवसांनी पत्र लिहून तो आडोसा शाकारत आले. मला वाटत होतं, मी तुला ढकलते आहे. मी तुला खुर्ची देत होते.

आता खरं लिहिते. मापासकट.

मार्चअखेरीस डावीकडची बाजू जाड व्हायला लागली. ईराकडे जायला हवं होतं, गेले नाही. पट्टी घामाने सुटत होती, दिवसाचे सहा तासही भरत नव्हते, आणि आठ जून जवळ येत होता. माझी रेघ दिसली तर तू ऑपरेशन करणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं. सात एप्रिलला मी फडताळ उघडलं. पट्टी काम करते, हळदही काम करते असं मावशी म्हणायची, तर दोन्ही मिळून दुप्पट काम करतील, असा हिशेब मी मांडला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने. तुझी आंबेहळद तेलासकट लावली आणि वरून सिलिकॉनची पट्टी दाबून बसवली. ती टिकेना, म्हणून तिच्यावर खरोखरचा सेलोटेप लावला. मिश्राबाईंचं म्हणणं अखेर खरं ठरलं.

महिनाभर हे चाललं. मग खाज सुटली, पुरळ आलं, गळा हळदीच्या नवरीसारखा पिवळा आणि मधे लालभडक. परवा ईराकडे गेले. तिने पट्टी काढली, वास घेतला आणि विचारलं, "आंटी, हल्दी?" मी म्हटलं, नाही. तिने हातमोज्याचं पिवळं बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. मी म्हटलं, थोडीशी. ती म्हणाली, "आप तो पढ़ी-लिखी हैं." गोदा, अडुसष्टाव्या वर्षी तुला ठुशी मिरवायची आहे म्हणून मी तुला हसले होते. मला सहासष्टाव्या वर्षी हे ऐकावं लागलं, आणि खाली स्टुलावर बसून.

पुरळ जाईपर्यंत पट्टी बंद. मग कोरड्या, स्वच्छ कातडीवर, खाली काही न लावता, आधी दोन-चार तास आणि मग वाढवत न्यायची. व्रण वर्षभर बदलत राहतो, म्हणून आत्ता रडू नका, असं ती म्हणाली. मी रडत नव्हते. खाज सुटली होती.

आजची स्थिती अशी. रेघ सहा सेंटिमीटर, डावीकडे दोन सेंटिमीटर दोरीसारखी उंच, रंग तांबडा. हातभर काय, रस्त्यापलीकडून दिसते. म्हणजे पैज मी हरले. ठरल्याप्रमाणे तुझ्या गाठीचं नाव मी काढायचं नाही.

काढते. तुझ्या गळ्यात गाठ आहे, घास अडकतो आहे, आणि ती काय आहे हे कोणालाच माहीत नाही. हरलेल्या माणसाने शब्द पाळायचा असतो हे मला शिकवलं गेलं आहे. मी तो मोडते आहे. तुझ्यासमोर आता पैज नाही, जून नाही, दसरा नाही. आता कोणाच्या नावाने थांबणार आहेस ते मला लिहून कळव.

विनू

*

तात्यापारा
१३ मे

विनू,

बसून वाचलं. हळदीपाशी आले आणि हसले. इतकी हसले का रूपाली धावत आली, तिले वाटलं घास अडकला. मग सेलोटेप वाचला आणि पत्र बाजूले ठेवावं लागलं. मावशीची भाची शोभतेस. आणि बावळटे, ती हळद नुसती लावायची असते गं, कोंडून नाही ठेवायची.

हसणं थांबल्यावर बाकीचं वाचलं.

तुले आता खरं सांगते. मले चिरेचं काहीच नाही. ठुशी तर घट्ट होते म्हणून पाडव्यानंतर घातलीच नाही. भ्या वेगळं होतं. गाठ आत आहे तोवर तिले नाव नाही. काढली का कागदावर नाव येते, आणि मग ते नाव घेऊन घरात फिरावं लागते. सचिन माझ्याकडे कसा बघेल, रूपाली फोनवर हळू कशी बोलेल, हे मले आधीच दिसून राहिलं होतं. तू पैज लावली तवा वाटलं, चला, तीन महिने मिळाले. तुझी पत्रं येत, मी वहीत मापं लिहीत बसे. बरं वाटे. दुसऱ्याचा गळा मोजताना आपला आठवत नाही.

कोणाच्या नावाने थांबू म्हणतेस तर कोणी उरलं नाही. काल सचिनले घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळेच जास्त भीती वाटली. बावीस तारीख दिली, गुरुवार, तुझी ईरा आहे त्याच दवाखान्यात.

तीन गोष्टी सांगते, मुकाट ऐक. एक, तू बाहेर बसायचं. सचिन घाबरट आहे, तो सारखा पाणी आणत बसेल, त्याले रागावणारं कोणी पाहिजे. दोन, बेशुद्धीत मी काही बडबडले तर ते कोणाले सांगायचं नाही. तीन, रिपोर्ट मी उघडणार नाही. सचिनही नाही. तू आणायचा, तू उघडायचा. वाईट असलं तर तुझ्याकडून ऐकेन. तुझ्याकडून वाईट ऐकायची मले सवय आहे.

गोदा

*

चौबे कॉलोनी
२ जून

गोदा,

गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. पुढे काही करायचं नाही, फक्त दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण इकडचं तिकडचं आधी लिहून माणसाला टांगून ठेवणाऱ्या पत्रांचा मला राग आहे. पाकीट मी दवाखान्याच्या जिन्यात उघडलं. घरी येईपर्यंत थांबवलं नाही. दोनदा वाचलं, मग आत जाऊन ईराकडून वाचून घेतलं, मग तिला पुन्हा वाचायला लावलं. ती म्हणाली, "आंटी, तीनों बार वही लिखा है." तुला फोन करायला मोबाइल काढला, पण आवाज नीट निघेना, म्हणून हे लिहिते आहे. दिवाकर चप्पल घालून दारात उभे आहेत आणि लवकर आटप म्हणतात. त्यांना थांबू दे. बातमी त्यांची मिश्राबाईंनाही सांगून झाली आहे.

तू बेशुद्धीत काय बडबडलीस ते कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. तुला सांगायला हरकत नाही. तू ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलीस तेव्हा वॉर्डबॉयला म्हणालीस, "भैया, दिवाकररावांले चहा द्या." बाकी काही नाही. इतकं घाबरवलं होतंस, मला वाटलं तिजोरीची किल्ली वगैरे निघेल.

पण त्यानंतरचं तुला आठवत नसेल म्हणून लिहून ठेवते. चार वाजता तू पूर्ण जागी झालीस. घसा दुखत होता, बोलवत नव्हतं. रूपालीच्या वहीतलं पान मागून घेतलंस. आम्हाला वाटलं, पाणी हवं असेल. तू लिहिलंस, "दाखव." रूपालीने आरसा काढला. तू मान हलवलीस आणि माझ्याकडे बोट केलंस.

मी त्या दिवशी गळ्याभोवती ओढणी गुंडाळून आले होते. मे महिन्यात. सचिनने दोनदा विचारलं होतं, मौसी गरम नाही होत का. तिथे सचिन होता, रूपाली होती, नर्स होती, पलीकडच्या खाटेवरच्या बाई आणि त्यांचे चार पाहुणे होते. मी ओढणी सोडली आणि खिडकीकडे मान करून उभी राहिले. तांबडी दोरी, डावीकडे जाड, उरलेल्या पुरळासकट. पाहुण्यांपैकी एकजण "अरे बाप रे" म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर तो डबा धुवायला गेला.

तू खूप वेळ बघितलंस. खुणेने जवळ बोलावलंस, बोट लावून पाहिलंस, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा लिहायला लागलीस. ओळ तिरपी गेली. मला वाटलं, आता ही काहीतरी मायेचं लिहिते, आणि खरं सांगायचं तर मी रुमाल शोधला. तू लिहिलं होतंस, "माझी याहून बारीक येईल."

तो कागद माझ्याकडे आहे.

तर आता पुढचं. जखम पूर्ण मिटल्याशिवाय पट्टी लावायची नाही, ईरा बघून सांगेल तेव्हाच. माझं पुरळ गेलं आहे आणि परवापासून माझी पुन्हा सुरू झाली, तीन तासांवर आहे. दाराशी येऊ की नको हे विचारत बसत नाही, उद्या सकाळी मी स्वतः येते आणि दुपारपर्यंत थांबते. तुझी रेघ माझ्याहून बारीक आली पाहिजे. मी असं लिहिलं आहे हे रूपालीला कळता कामा नये, ती मला मऊ समजेल.

विनू